पंचफुला आणि मेहकरची लाईन

गावाने पंचफुलाला पाहिलं नंतर, तिचा आवाज आधी ऐकला.

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आमचं गाव मेहकर-दुसरबीड रस्त्याच्या कडेचं. आठवड्याचा बाजार मोठा, कापसाचे व्यापारी बरेच, त्यातल्या हिंमतरावांचा सरकी काढायचा कारखाना, जिनिंग. म्हणून गावाला टेलिफोन एक्स्चेंज मिळालं. खात्याला जागा हवी होती, तेव्हा ह्यांनी आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. एका खोलीत बॅटऱ्या बसल्या आणि दुसरीत बोर्ड आला. उभ्या कपाटासारखा तो बोर्ड. त्यावर बिळांच्या रांगा आणि प्रत्येक बिळावर एक लहानसं पितळी झाकण. गावात कुणी फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबराचं झाकण खट्कन खाली पडायचं. ऑपरेटरने दोरीची पिन त्या बिळात घालून विचारायचं, कुठे बोलायचं आहे, आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या बिळात लावून द्यायचं. एवढंच काम, पण दिवसभर हात आणि कान त्यालाच जुंपलेले.

बोर्डाच्या खोलीची एक खिडकी माझ्या स्वयंपाकघरात उघडायची. भाकरी थापता थापता मला सगळ्या गावाचे निरोप ऐकू यायचे. ऐकायचे नाहीत असं ठरवलेलं होतं. पण कानाला झाकण नसतं.

पंचफुला ही बौद्धवाड्यातल्या दयाराम अवसरमोल यांची थोरली मुलगी. लहानपणी आईबरोबर लोकांच्या ज्वारीच्या राखणीला जायची, मग मेहकरला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली आणि खात्याच्या परीक्षेत निवडली गेली. सडपातळ, काळीसावळी, केस घट्ट ओढून बांधलेले. बोर्डापुढे बसली की पाठ कशी ताठ! आणि आवाज गोड म्हणावा असा नाही, स्वच्छ. "बोला जी, कुठं लावू?" एवढं ऐकलं की माणसाला वाटायचं, आपलं काम आता होणार.

पहिले पंधरा-वीस दिवस लोकांनी तिला "बाई, बाई" केलं. मग कुणीतरी विचारलं, "तू कोणाची वं?"

"दयारामाची."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "बरं... अकोला लाव."

तिने अकोला लावलं. असं बऱ्याचदा झालं. आवाजावरून जात कळत नव्हती, नावावरून कळायची. पण फोन करायचा तर तिच्याच हातून करावा लागे, त्यामुळे हळूहळू त्या गप्प होण्याची मुदत कमी कमी होत गेली.

तिची नेमणूक मात्र तात्पुरती होती. वर्ष भरलं की खात्याचा इन्स्पेक्टर येऊन काम पाहणार; ठीक वाटलं तर कायम, नाही तर घरी. दयारामने वाड्यातल्या लोकांना सांगून ठेवलं होतं, "पोरगी कायम झाली त धाकटीलेही मेहकरले टाकतो." आणि वाड्यातले आणखी दोन-तीन बाप आपापल्या मुलींना सातवीनंतर घरी बसवायचं की पुढे शिकवायचं, याचा निकाल पंचफुलाच्या निकालावर टांगून बसले होते. हे तिला माहीत होतं. म्हणून ती बोर्डापुढे इतकी ताठ बसायची, असं मला वाटतं.

दसरा झाला, कापूस बाजारात यायला लागला, आणि मेहकरची लाईन बिघडली.

बिघडली म्हणजे बंद पडली असती तर बरं होतं. आमच्या बोर्डाला बाहेरगावच्या दोन लाईनी होत्या. एक मेहकरची, अकोला, खामगाव, बुलढाणा सगळं तिच्यावरून जवळ. दुसरी जालन्याची. तिच्यावरूनही अकोला मिळायचं, पण जालना, औरंगाबाद असं करत, द्राविडी प्राणायाम करून. मेहकरची लाईन मेली तर कॉल जालन्याकडून द्यायचे, उशिरा का होईना, मिळायचे. पण ती मरत नव्हती. ती जायची आणि यायची. जायची आणि यायची.

खात्याची शिस्त अशी होती, की सरळ लाईन चालू असताना फेऱ्याने कॉल द्यायचा नाही. मग काय व्हायचं? मेहकर गेली की पंचफुला साचलेले कॉल जालन्याला सांगायची. जालन्याची ऑपरेटर ते तिच्या रांगेत घालायची, औरंगाबादला हाक मारायची. तिकडून जुळत आलं, की इकडे मेहकरची घंटा वाजायची. लाईन आली! मग जालन्याच्या रांगेतले कॉल मागे घ्या, मेहकरला द्या. तिथे दोन वाक्यं बोलून होतात न होतात, की खरखर, आणि लाईन पुन्हा गेली. परत जालना. पण तिथली जागा आता दुसऱ्याने घेतलेली. आपण रांगेच्या शेपटीला. ना हे मिळे, ना ते.

शिवाय दुसरबीडच्या बाजूची लहान लहान ठिकाणं आमच्याच बोर्डावरून मेहकरला बोलायची. त्यांना दर वेळी सांगायचं, "मेहकर गेली," "मेहकर आली," "गेली." ते पुढच्यांना सांगणार. एका लाईनीला उचकी लागली होती आणि पाच गावं दचकत होती. लाईन चालू असायची त्या वेळातला निम्मा वेळ, ती चालू आहे हे सांगण्यातच जायचा.

एक्स्चेंजचे मुख्य होते महादेवराव. वयस्क, भला माणूस, पण नियमाला पोथीसारखं धरून. ते म्हणायचे, "पोरी, लाईन मरते तवा सोपं असते. लोक दोन शिव्या देतात अन् घरी जातात. हे असं आशा लावून फसवणं लय वाईट."

"मग तिले थोडा वेळ नाही म्हणू या नं, काका. आली तरी घ्यायची नाही."

"चालू लाईन बंद सांगायची? नौकरी करायची आहे का नाही तुले?"

लाईनमन कचरू रोज सायकलवर खांब पाहत जायचा. खांबाखाली उभं राहून आपला फोन तारांना लावायचा आणि बोलायचा, "लाईन ठणठणीत आहे, मॅडम! काही दोष नाही." तो बोलत असे तोवर खरंच ठणठणीत असे. तो घरी आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

एकदा महादेवराव कुठल्याशा कामासाठी मेहकरला गेले होते. सकाळी लाईन दोनदा गेली, आणि पंचफुलाने कुणाला न विचारता ठरवलं, की आज मेहकरच्या बिळाकडे बघायचंच नाही. सगळे कॉल जालन्याला. आणि काय सांगू, एकही तुटला नाही! उशिरा मिळाले, पण मिळाले ते पुरते मिळाले. दुपारी खिडकीतून मला म्हणाली, "वहिनी, आज कोणाची शिवी नाही खाल्ली." चेहरा नुसता फुलला होता.

तिथेच चुकलं. मेहकरची लाईन सकाळी उशिरापासून अगदी सुरळीत होती, आणि ही आपल्या आनंदात संध्याकाळपर्यंत तिला बाहेरच ठेवून बसली. सगळ्या गावाचा भार एकट्या जालन्यावर. हिंमतरावांचा दुपारचा अकोल्याचा कॉल रांगेत कुजला, आणि मिळाला तेव्हा तिकडचा बाजार उठलेला होता. वर मेहकरच्या व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं, "आम्ही इकडून घंटा देऊन राह्यलो होतो, तुमचं कोणी घेतच नाही!"

हिंमतराव म्हणजे आवाजानेच निम्मं काम करणारा माणूस. त्यांनी फोनवर तिला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. मग त्यांनी वर अर्ज केला, की ऑपरेटर नवखी आहे, चालू लाईन बंद ठेवते, हिला बदलावी.

महादेवराव तिच्यावर ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "तुले कोणं सांगितलं होतं शहाणपण कराले?" आणि खुर्चीत बसून राहिले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. आठ-दहा दिवसांत इन्स्पेक्टर येणार असा निरोप आला. वर्ष भरल्याची तपासणी आणि ही तक्रार, दोन्ही एकाच फेरीत.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती घरी गेली नाही. खिडकीशी येऊन उभी राहिली. मी चहा टाकला. माझी धाकटी बेबी त्या महिन्यात हिवतापाने पडली होती. ताप उतरला की दप्तर घेऊन दारात उभी, आणि मी तिला हाताला धरून मागे ओढतेय, असं आमचं चाललेलं होतं.

"ताप तर उतरला नं वहिनी, जाऊ द्या की," पंचफुला म्हणाली.

"अगं, आजचा उतरला. पाळीचा ताप आहे हा. जातो आणि येतो. एक पाळी चुकू दे, मग पाठवीन."

"अन् पुन्हा आला त?"

"मग दोन पाळ्या थांबायचं."

ती बेबीकडे पाहत म्हणाली, "पण कायमचं त घरी नाही ठेवणार?"

"वेडी का तू! कायमचं घरी ठेवलं तर पोरगी तापापेक्षा घरी बसूनच बिघडेल."

तिने चहाचा कप खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाली, "मी तिथंच चुकले. मी लाईन घरी बसवली अन् शाळेत पाठवायची विसरूनच गेले."

मग तिथेच उभ्याउभ्या तिने हिशेब जमवला. लाईन एकदा गेली आणि आली, तर लगेच भरवसा ठेवायचा नाही. स्टोव्हवर चहा होईल एवढा वेळ थांबायचं. तेवढा वेळ टिकली तर घ्यायची. त्यात पुन्हा गेली, तर पुढच्या खेपेला दोन चहा. आणखी गेली, तर चार. आणि एकदा का ती दुपारभर नीट चालली, की मागचं सगळं माफ. पुन्हा एका चहापासून सुरुवात.

"म्हणजे चहा मीच करत बसायचा का?" मी विचारलं.

"तुम्ही त करताच की दिवसभर," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

महादेवरावांना हे पटलं. पण पटणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. "साहेबाले येऊ दे. त्याच्यापुढे बोल. तवपर्यंत नियमानं चाल, पोरी. तुह्याच भल्यासाठी सांगतो."

इन्स्पेक्टर वामनराव सकाळच्या एस.टी.ने आले. उंच, किडकिडीत, चेहऱ्यावरून काही कळू न देणारे. बोर्डाशेजारी स्टूल ओढून बसले. थोड्या वेळाने हिंमतरावही आपल्या डोळ्यांनी बघायला येऊन दारात उभे. मी खिडकीतून सगळ्यांना चहा दिला. पंचफुलाने घेतला नाही.

उजाडून फार वेळ झाला नव्हता, आणि लाईन रोजच्यासारखी नाचायला लागली. गेली, आली. पंचफुला नियमाने चालली. कॉल जालन्याला दिले, मागे घेतले, मेहकरला दिले. हिंमतरावांनी मुद्दाम तिथूनच अकोला मागितलं, आणि पलीकडचा दलाल भाव सांगायला लागला तोच खर्र झालं आणि सगळं गप्प.

"पाहा साहेब! पाहा! रोजचं हेच रडणं!"

पंचफुलाने दोरी काढली. आवाज तोच, स्वच्छ. "साहेब, एक विनंती करू? लाईन आता येईल. मी ती लगेच घेणार नाही. टिकते का पाहीन, मग घेईन. तोवर कॉल जालन्याकडून जाऊ द्या."

"म्हणजे ज्याची तक्रार आली आहे, तेच पुन्हा करणार?"

"नाही साहेब. तेव्हा मी लाईन बाहेर ठेवली आणि परत घ्यायला विसरले. ती माझी चूक. आता विसरू नये म्हणून चहावर ठेवते."

"कशावर?"

तिने सांगितलं. बेबीच्या तापासकट सांगितलं. महादेवराव खाली बघत होते. वामनरावांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, आणि म्हणाले, "करा. आज माझ्या जबाबदारीवर."

मेहकरची घंटा वाजली. पंचफुलाने घंटा ऐकल्याचं उत्तर दिलं, पण कॉल दिला नाही. मी आधण ठेवलं. चहा उकळायच्या आत लाईन पुन्हा गेली. दोन चहा. पुन्हा आली, पुन्हा गेली. आणि तेवढ्या वेळात इकडे जालन्याने औरंगाबाद जुळवलं होतं, औरंगाबादने पुढे, आणि कुणी ती जुळणी मध्येच मोडली नव्हती. "हिंमतराव, अकोला बोला."

आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता, पण सबंध होता. हिंमतरावांनी भाव विचारला, घासाघीस केली, शिव्या दिल्या, हसले, आणि फोन ठेवला. दुसरबीडच्या बाजूच्यांनाही त्या सकाळी एकदाच सांगितलं गेलं, "मेहकर सध्या धरू नका," आणि मग त्यांनीही विचारणं सोडलं. बोर्ड कसा शांत झाला. मी त्या खोलीत इतकी शांतता कित्येक दिवसांत ऐकली नव्हती.

पण हिंमतराव हार जाणारे नव्हते. "हे ठीक आहे साहेब. पण हे पट्टी बांधणं झालं. जखम कायची आहे? लाईन तुटते काऊन?"

"बरोबर आहे त्यांचं," वामनराव म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचं आहे. शिफारस लिहायची तर तक्रारीचं कारण निघालं पाहिजे. नाही तर मी तरी काय लिहू?"

कानावरचा हेडसेट पंचफुलाने दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते. मेहकरची लाईन आलेली होती, आणि पुन्हा जायच्या बेतात होती.

"साहेब, हे ऐका," ती म्हणाली आणि हेडसेट त्यांना दिला. "वारा नाही हा. वाऱ्याले ताल नसतो. हे पाहा, खर्र, खर्र, खर्र, मग दम घेतला. पुन्हा खर्र, खर्र, खर्र."

वामनराव ऐकत राहिले. "आहे खरं. मग?"

"अशी दोरी ओढतात, साहेब. ज्वारी राखाले." ती आता भराभर बोलत होती, एक्स्चेंजची भाषा सुटून घरची आली होती. "मचाणावर बसून. वावरभर दोरी, तिले डबे बांधलेले. राघूंचा थवा उतरला की तीन झटके देतात. मग हात दुखते म्हणून थांबतात. मी ओढली आहे नं लहानपणी! अन् राघू येतात कवा? सूर्य उगवला की, अन् दिवस कलता. दुपारी सावलीत बसतात. लाईन बी दुपारी चांगली असते!"

सगळ्यांनी कचरूकडे पाहिलं. तो दारात उभा होता. "पण मी त सकाळीही गेलो साहेब. लाईन ठणठणीत होती!"

"कुठल्या खांबापाशी?"

"ओढ्याजवळच्या. तिथं सोजरामाय राखणीले असते. मी गेलो की बिचारी मचाणावरून खाली उतरते, हुरडा भाजून देते. लय मायाळू बाई."

पंचफुलाने हळूच विचारलं, "कचरूभाऊ, ती हुरडा भाजते तवा दोरी कोण ओढते?"

"कोण ओढणार? ती त हुरडा भाजून..." कचरूचं तोंड उघडंच राहिलं.

महादेवराव इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. वामनरावांनी विचारलं, "आणि ती दोरी बांधली कशाला आहे?"

"खांबाच्या ताणाले, साहेब. खांब धरून ठेवाले जमिनीत रोवलेली तार असते नं, ती. त्याचं काय एवढं? गावात लोक ताणाले म्हशी बांधतात."

"वावर कोणाचं?"

कचरू हिंमतरावांकडे बघू लागला. हिंमतराव भिंतीकडे बघू लागले.

हिंमतरावांच्याच जीपमधून ते, वामनराव आणि कचरू ओढ्यावर गेले; महादेवराव मागे थांबले. पंचफुला बोर्ड सोडू शकत नव्हती. मी खिडकीशी. महादेवरावांनी हेडसेट टेबलावर उलटा ठेवला, म्हणजे आम्हा तिघांनाही बारीकसं ऐकू यावं. जरा वेळाने कचरूचा आवाज आला, "मॅडम, खांबावर चढलो. बोलून राह्यलो."

मागून दुसरा आवाज, म्हातारा आणि खणखणीत, "काऊन बे कचऱ्या, आज एवढी जत्रा घेऊन आला? एवढा हुरडा कुठून आणू मी?" आणि मग, "कोणाशी बोलतं बे खांबावर?"

"पंचफुलाशी, माय."

"दयारामाची? अवं पंचफुला, तू त्या तारेत काय करून राह्यली?"

पंचफुलाला हसू आवरेना. मग वामनरावांचा आवाज आला, "बाई, जरा दोरी ओढा बरं. रोज ओढता तशी."

खर्र, खर्र, खर्र. आणि लाईन गेली.

आम्ही तिघं त्या मुक्या हेडसेटकडे बघत होतो. मग लाईन आली. "मॅडम, दिसलं! ताण ढिला झाला आहे. दोरी ओढली की खांब हालते, अन् वरच्या दोन तारा एकमेकीले चिपकतात! साहेबानं सोताच्या डोळ्यानं पाहिलं!"

पावसाने ताणाभोवतीची माती सैल झालेली. त्यावर दोरी. राघू उतरले, की पाच गावांचं बोलणं तुटायचं. आणि दुरुस्तीला माणूस गेला, की त्याच्या पाहुणचारात दोरी थांबायची आणि लाईन बरी व्हायची. सोजराबाईचा यात काही दोष नव्हता. दोरी तिथे बांधायला तिला मालकानेच सांगितलं होतं. सरकारी ताण आयता उभा होता, वेगळा खुंटा कशाला ठोका!

परत आल्यावर हिंमतराव सरळ बोर्डाच्या खोलीत आले. आधी ते दारातच थांबायचे. "साहेब, माही अर्जी फाडून टाका."

"अर्ज फाडता येत नाही. दुसरा लिहा, पहिला मागे घेतो म्हणून."

ते तिथेच बसून लिहायला लागले. मध्येच थांबले. पंचफुलाकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं पुरं नाव सांगा. चुकाले नको."

"पंचफुला दयाराम अवसरमोल."

त्यांनी ते एकेक अक्षर काढत लिहिलं. मग मान वर केली. "पोपटांचं तुम्हाले समजलं, मले नाही समजलं. वावर माहं!" आणि आपलेच आपण हसले. एरवी त्या हसण्यालाही आवाज फार असे. त्या दिवशी नव्हता.

दुपारी कचरूने ताण पक्का आवळला आणि सोजराबाईची दोरी बाभळीला बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी राघू आले, डबे वाजले, आणि मेहकरची लाईन हलली नाही. पण वामनराव जाताना महादेवरावांना सांगून गेले होते, की वादळवाऱ्यात कुठलीही लाईन अशी येती-जाती झाली तर हिच्या पद्धतीने थांबवत जा. मी वर बोलतो. महादेवरावांनी त्या दिवसापासून एक रिकामा कप बोर्डावर ठेवायला सुरुवात केली. लाईन थांबवलेली असली की कप उलटा. विसरायला नको.

कायम केल्याचा निरोप दिवाळीनंतर आला. वामनरावांनी स्वतः फोन केला. पंचफुला "हो साहेब, हो साहेब" म्हणत होती आणि दोरी हाताभोवती गुंडाळत होती. फोन संपला तरी दोरी तिच्या हाताभोवतीच होती.

"काऊन रडून राह्यली?" महादेवराव म्हणाले.

"कुठं रडते?"

दयाराम काही कामासाठी रस्त्याने चालला होता. महादेवरावांनीच त्याला हाक मारली. तो पायरीपाशी थांबला. कधी वर आला नव्हता. पंचफुला उठली, त्याचा हात धरून आत घेऊन आली, आणि आपल्या खुर्चीत बसवून त्याच्या कानावर हेडसेट चढवला. जालना लावलं. तिकडच्या ऑपरेटरला खबर आधीच लागलेली होती. वामनरावांचा फोन तिच्याच बोर्डावरून आला होता. ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. दयाराम फक्त "हाव ताई, हाव ताई" म्हणत होता, आणि पटक्याचं टोक डोळ्यांना लावत होता. इतक्यात गावातलं एक झाकण खट्कन पडलं, आणि पंचफुला म्हणाली, "उठा बाबा, कॉल आला."

जूनमध्ये दयारामची धाकटी मुलगी मेहकरच्या शाळेत जायला निघाली. तिच्याबरोबर वाड्यातल्या आणखी दोघी होत्या, नवीन परकर, तेल लावून बसवलेले केस, हातात पत्र्याच्या पेट्या. सकाळची एस.टी. आमच्या दारावरून जायची. पंचफुला त्यांना पोचवायला स्टँडवर जाऊ शकली नाही, तिची ड्युटी होती. गाडी जवळ आली तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली, रस्त्याकडच्या खिडकीतून हात हलवला, आणि तेवढ्यात कुणीतरी खामगाव मागितलं म्हणून पुन्हा खाली बसली.